काट्यांनी राखलेला डोंगर

उन्हाळ्यात एसटी स्टँडवर पानांचे द्रोण मांडून बसलेल्या बाया तुम्ही पाहता ना? आमच्या गटातल्याही कितीतरी जणी तिथे बसतात. द्रोणात असते डोंगरची काळी मैना, म्हणजे करवंद. आज बोलायचंय ते तिच्या काटेरी जाळीबद्दल.

रानातली ही जाळी कुणी लावलेली नसते. सह्याद्रीचे उतार, कोकणातला कातळाचा सडा, रानाची कड, जिथे माती थोडी आणि ऊन भरपूर, तिथे ती आपसूक येते. पानं जाड, चकचकीत, बारमाही हिरवी. पान तोडलं की पांढरा चीक येतो. रुई आणि कण्हेर तिच्याच कुळातल्या. होळीच्या सुमारास पांढरी, सुवासिक फुलं येतात आणि वैशाखात फळं काळी होतात.

आणि काटे! लुगडं फाटलं, हात ओरबाडले की आपण त्यांना शिव्या घालतो. पण त्या काट्यांमुळेच गुरं जाळीत तोंड घालत नाहीत. पाखरं करवंदं खातात, इतर झाडांच्या बियाही तिथे पडतात, आणि त्यांची रोपं जाळीच्या आडोशाला वाढतात. बुलबुल तिथे घरटं करतो. पावसात उताराची माती मुळं धरून ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या उतारावर वणवा लागला. नवं गवत चांगलं फुटेल म्हणून कुणीतरी काडी लावली होती. फुलं आणि कोवळी फळं जळाली. पुढे बुडातून फुटवे आले, पण त्या मोसमात आमच्यापैकी कुणाचाच द्रोण भरला नाही. पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच यायचे.

तेव्हा आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. कुंपणाला हिरवी जाळी तोडायची नाही, वाळलेल्या फांद्याच न्यायच्या. प्रत्येक जाळीवर थोडी फळं पाखरांसाठी ठेवायची. आणि माघातच जाळ्यांभोवतीचं वाळलेलं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आग आत शिरत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा आणि पिढ्यान्‌पिढ्या वनांवर जगणाऱ्यांचा गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क मान्य केला आहे. त्यासाठीचा दावा ग्रामसभेत मांडायचा असतो, तेव्हा सभेला आपण बायांनी बसायलाच हवं. पण हक्क मिळाला आणि जाळी उरली नाही, तर तोडणार काय?

लहानपणी आपण करवंद चावून आतला रंग बघायचो: लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आपल्या नातवंडांनाही हा खेळ खेळता यावा. चला, यंदा माघात विळे घेऊन डोंगरावर भेटू.