बोनस लावला की भेदभाव मिटतो?

गैरसमज : अमेरिकेत काळ्या रुग्णांची आबाळ होते ती गरिबीमुळे आणि विमा नसल्यामुळे.

वस्तुस्थिती : तेही कारण आहेच, पण तेवढंच नाही. उत्पन्न आणि विमा सारखा असूनही कृष्णवर्णीयांना कमी दर्जाचे उपचार मिळतात, हे तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2003 सालच्या अहवालात मांडलं. 2023 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू गोऱ्या स्त्रियांमध्ये 14.5 होते, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये 50.3.

गैरसमज : चांगल्या कामाला बोनस द्या, दरी आपोआप बुजेल.

वस्तुस्थिती : मेडिकेअर या तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या ‘मिप्स’ योजनेत डॉक्टरांना गुण मिळतात आणि त्यानुसार दोन वर्षांनी मोबदला वाढतो किंवा 9 टक्क्यांपर्यंत कापला जातो. यातला एक निकष म्हणजे किती मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 9 टक्क्यांच्या वर आहे. समजा, एका दवाखान्यात 80 गोरे आणि 20 काळे मधुमेही आहेत. साखर हाताबाहेर गेलेले गोऱ्यांतले 16, काळ्यांतले 8. डॉक्टरांनी झटून गोऱ्यांचा आकडा 8 वर आणला, काळ्यांचा होता तिथेच राहिला. एकूण 24चे 16 झाले, गुण वाढले. दरी मात्र दुपटीवरून चौपट झाली! सरासरीला बक्षीस लावलं की असंच होणार. शिवाय कुणाला मिळणारी वाढ दुसऱ्याच्या कपातीतून येते; गरीब वस्तीतल्या डॉक्टरने कितीही राबावं, ती कपात त्याच्याच खिशातून होण्याची भीती.

गैरसमज : मग दरी बुजवण्यासाठीच बोनस ठेवला, तर ते म्हणजे रंग बघून रुग्णाला झुकतं माप.

वस्तुस्थिती : 2022 पासून ‘मिप्स’मध्ये वंशभेदविरोधी आराखडा करणाऱ्या दवाखान्याला गुण ठेवले, तेव्हा काही राज्यं कोर्टात गेली. पण शंभरावर पर्यायांपैकी तो एक होता, सक्ती नव्हती, आणि गुण आराखड्याला होते, रुग्णाच्या रंगाला नव्हेत.

गैरसमज : छोट्या दवाखान्यांना दरी बुजवण्याचं काम झेपणारच नाही.

वस्तुस्थिती : पंधरा किंवा त्याहून कमी डॉक्टर असले तर ‘मिप्स’मध्ये सवलती आहेत. खरी अडचण रोकडीची. या कामाला दुभाष्या आणि रुग्णांच्या घरी फोन करणारी बाई आज लागते. बोनस येतो दोन वर्षांनी. म्हणून आगाऊ पैसे देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मेडिकेअरने 2024 पासून तसं सुरूही केलं : कमी उत्पन्नाच्या डॉक्टर-गटांना सुरुवातीला अडीच लाख डॉलर, पुढे दोन वर्षं दर तिमाहीला हप्ता, आणि रुग्ण जितके वंचित तितका हप्ता मोठा.