नोकरी सोडली, आता घराचं कर्ज मिळेल का?

माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक जण तरी थांबून हळू आवाजात विचारतो, "सर, नोकरी सोडलीये, धंदा सुरू करतोय. पण फ्लॅटचं कर्ज मिळेल ना?" त्याच्यामागे घरच्यांचा दबाव असतो. लग्न ठरायचं असेल तर मुलीकडचे पहिला प्रश्न घराचाच विचारतात.

माझं स्वतःचं सांगतो. एप्रिल 2016 मध्ये नोकरी सोडून इलेक्ट्रिकलच्या सामानाचं दुकान टाकलं. दुकान बऱ्यापैकी चाललं. डिसेंबर 2017 मध्ये एका फ्लॅटला 51,000 रुपये टोकन देऊन मोकळा झालो, आणि मग बँकेत गेलो. उलटा क्रम! बँकेतल्या साहेबांनी फाइल चाळली आणि विचारलं, "रिटर्न एकाच वर्षाचं? आणि उत्पन्न फक्त 2 लाख 40 हजार?"

हा आकडा कुठून आला ते बघा, कारण तुमच्यातले निम्मे लोक हेच करणार आहात. माझी वर्षाची विक्री साधारण 30 लाख, जवळजवळ सगळी रोखीत. छोट्या दुकानदाराला कलम 44एडी खाली विक्रीच्या किमान 8 टक्के नफा दाखवून रिटर्न भरता येतं. 30 लाखांचे 8 टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. तेव्हा अडीच लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे एक रुपयाही भरावा लागला नाही. मी खूश. खरं तर हातात महिन्याला चाळीसेक हजार राहत होते. नियमाने जास्त नफा झाला तर जास्तच दाखवायचा असतो, पण तेव्हा मला हुशारी सुचली होती.

बँकेने मात्र कागदावरचे महिना 20,000 धरले. हप्ता साधारण उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 10,000. व्याज 8.5 टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली, तर एक लाखाला हप्ता 868 रुपये पडतो. करा हिशोब. कर्ज बसतं साडेअकरा लाखांच्या आसपास. मला हवे होते 25 लाख, ज्याचा हप्ता 21,700 होतो. फाइल परत आली, आणि बिल्डरने टोकनमधले 25,000 कापून घेतले ते वेगळंच.

त्याच आठवड्यात एका एजंटने सुचवलं, "ओळखीच्या कंपनीची सॅलरी स्लिप काढून देतो, काम होऊन जाईल." खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी विचार केला होता. वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उद्या बँकेचा माणूस त्या कंपनीत गेला तर?" आणि जातोच. पीएफचं पासबुक मागतात, 26एएस बघतात, खात्यात पगार जमा होतोय का ते तपासतात. बनावट स्लिप देणं ही सरळ फसवणूक आहे. त्यात गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि पुढे धंद्याच्या कर्जासाठी त्याच बँकिंगच्या दारात जायचं असतं.

मग मी दोन वर्षं कागद नीट केले. बहुतेक बँका धंदेवाल्याकडून दोन ते तीन वर्षांची रिटर्न मागतात, आणि ती वेळेवर भरलेली हवीत. दोन वर्षांची एकाच दिवशी भरली की साहेबांच्या भुवया वर जातात. दुकानासाठी वेगळं करंट अकाउंट उघडलं, गल्ला रोजच्या रोज बँकेत, काउंटरवर क्यूआर. डिजिटल जमेवर 44एडी मध्ये किमान नफा 6 टक्केच धरतात, पण मी खरा नफा दाखवायला लागलो. शॉप अ‍ॅक्ट होतंच, उद्योग आधार तेव्हाचं. आता तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन करा, फुकट होतं. 2019 मध्ये बायकोला सह-कर्जदार घेतलं. ती शाळेत शिक्षिका, तिचा पगार धरला आणि कर्ज मंजूर झालं.

आज तर उत्पन्न लपवायचं कारणच उरलेलं नाही. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर लागत नाही. तरी लोक सवयीने अडीच लाखांच्या आतलं रिटर्न भरतात आणि मग बँकेला शिव्या घालतात.

"सर, राजीनाम्याआधीच कर्ज उचलून ठेवू का?" हाही नेहमीचा प्रश्न. नोकरी खरोखर चालू असताना कर्ज घेणं गुन्हा नाही. पण मंजुरीनंतर, पैसे मिळायच्या आधी नोकरी सुटली तर बँकेला सांगावं लागतं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात, त्यात हे हमखास अडकतं. माझं मत विचाराल तर घरात दुसरा पगार नसेल आणि वर्षभराचा हप्ता बाजूला नसेल, तर नका करू. नवं दुकान पहिल्या वर्षी स्वतःचं भाडं काढलं तरी पुष्कळ. शिवाय बँक घराची पूर्ण किंमत देत नाही. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला जास्तीत जास्त 90 टक्के, त्यावर 75 लाखांपर्यंत 80 टक्के. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी खिशातून. म्हणजे दुकानात माल भरायचे पैसे भिंतीत जातात.

आणि कर्ज आधीच चालू असेल अन् नोकरी गेली असेल, तर फोन बंद करून बसू नका. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. त्याआधीच शाखेत जा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का ते लेखी अर्ज देऊन विचारा. फ्लोटिंग व्याजाच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नाही, त्यामुळे धंदा रुळावर आला की जास्तीचे पैसे भरून मुदत परत खाली आणता येते.

पुढच्या व्हिडिओत 44एडीचं रिटर्न आकड्यांसकट फळ्यावर मांडणार आहे. गेल्या वर्षाचं बँक स्टेटमेंट आणि उधारीची वही घेऊन बसा.