मुसळीची निद्रा आणि मातीचे तापमान

सफेद मुसळी ही पानझडी रानांत, झाडांच्या विरळ सावलीत वाढणारी वनस्पती आहे. मावळातील मुले तिला फोडशीची भाजी म्हणून ओळखतात. एका शाळेच्या बागेत ती उत्तम वाढली होती. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडून गळाली. रोप मरत आहे असे समजून गुरुजींनी मुलांकडून रोज पाणी घालविले व मांसल मुळे कुजून गेली. वस्तुतः ते रोप निजले होते.

मुसळीची वाढ उबदार व दमट हवेत होते. पुण्यात जुलैमध्ये दिवसाचे तापमान सुमारे २८ व रात्रीचे २२ अंश सेल्सिअस असते. ते तिला मानवते. पाऊस सरला की पाने सुकतात. हिवाळ्याची थंडी व उन्हाळ्याचा ताप ती मुळांच्या रूपाने भूमीत काढते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. वृत्तपत्रांतील तापमान सावलीतील, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरील हवेचे असते. उन्हाळ्यात दुपारी हवा ३८ अंश असता उघड्या मातीचा पृष्ठभाग ५० अंशांपलीकडे तापू शकतो. पिकांच्या दृष्टीने अशा गोष्टींचा अभ्यास करण्यासाठी १९३२ साली पुण्याच्या वेधशाळेत डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र विभाग सुरू झाला.

हा भेद मुलांना प्रयोगाने दाखवावा. एप्रिलात शाळा सकाळची असते. म्हणून मार्चमध्ये दुपारी दोन वाजता करावा.

(१) उघड्या वाफ्यात व झाडाखालील पालापाचोळ्यात काडीने १० सेंटीमीटर खोल भोक पाडून प्रयोगशाळेचा तापमापक हलकेच ठेवावा. ताप पाहण्याचा तापमापक वापरू नये; तो ४२ अंशांपर्यंतच असतो व फुटण्याचा संभव असतो.

(२) पाच मिनिटांनी दोन्ही आकडे मुलांनीच वाचून वहीत लिहावेत.

मुसळी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, पाणी न साचणाऱ्या उंच वाफ्यावर लावावी. मुळाला खोडाचा अंश असावा. एरवी ते फुटत नाही. पाने गळताच पाणी बंद करावे, जागेवर दगडाची खूण ठेवावी व पाचोळा पसरावा. मुळे लागवड करणाऱ्याकडूनच घ्यावीत. फार खणती झाल्याने रानातील मुसळी दुर्मीळ होत आहे.

पुढील पावसाळ्यात त्याच खुणेपाशी कोंब फुटलेला मुले पाहतील, तेव्हा हा पाठ पूर्ण होईल.