पकिप्सीचा पूल: आगगाडीच्या वाटेवर माणसांची पावलं

पकिप्सीच्या पुलावर उभं राहिलं की पूल सोडून सगळं दिसतं. दक्षिणेला मिड-हडसन हा झुलता पूल, त्याच्या पलीकडे एकामागून एक निळसर होत गेलेले डोंगर, उत्तरेला सरळ लांबवर गेलेलं हडसनचं पात्र. पुलाचा पोलादी सांगाडा मात्र सगळाच्या सगळा पायाखाली आहे. म्हणून माझा आग्रह असा, की वर चढण्याआधी पूर्व काठावर नदीलगतच्या बागेत जावं आणि मान मागे टाकून हा पूल आधी खालून पाहावा. आपण कशावरून चालणार आहोत, हे तिथेच कळतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या या जुन्या रेल्वे पुलाची लांबी 6,768 फूट, म्हणजे दोन किलोमीटरहून थोडी जास्त. नदीपासून उंची 212 फूट. 1889 पासून पुढे पंच्याऐंशी वर्षं त्यावरून आगगाड्या गेल्या आणि 3 ऑक्टोबर 2009 पासून माणसं चालतात. ‘वॉकवे ओव्हर द हडसन’ या नावाने तो आता राज्याचा ऐतिहासिक उद्यान-परिसर आहे. उंचीवरून चालण्याच्या जागा जगात पुष्कळ आहेत. इथलं वेगळेपण हे, की इतक्या उंचीवर दम लागत नाही. याचं श्रेय रेल्वेला. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटात 1:37 चा चढ आहे, तर तिथे गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं जोडावी लागतात. शेकडो टन कोळसा ओढणाऱ्या गाडीसाठी बांधलेली वाट जवळजवळ सपाट असावीच लागते. मालगाडीच्या सोयीसाठी राखलेली ती पातळी आज चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि गुडघे कुरकुरणाऱ्या आजी-आजोबांना नदीच्या मधोमध घेऊन जाते. मला या पुलात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

पूल इथेच का झाला, याचं उत्तर कोळशात आहे. पेनसिल्व्हेनियाच्या खाणी नदीच्या पश्चिमेला आणि न्यू इंग्लंडचे कारखाने पूर्वेला. मधे हडसन. न्यूयॉर्क शहर ते उत्तरेचं ऑल्बनी या पट्ट्यात तेव्हा नदीवर एकही पूल नव्हता. वाघिणी नावांवर चढवून पैलतीरी न्यायच्या, नाहीतर ऑल्बनीपर्यंत वळसा घालायचा. पकिप्सीला पूल झाला तर हा सगळा खटाटोप वाचणार होता. 1871 मध्ये पूल बांधणाऱ्या कंपनीला सनद मिळाली आणि 1873 मध्ये कोनशिलाही बसली, पण त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड झाली. 1876 मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि दोन वर्षांत पैशांअभावी पुन्हा थांबलं. अर्धवट पाये नदीत तसेच राहिले, जहाजांच्या वाटेत. शेवटी 1886 मध्ये नव्याने काम हाती घेतलं गेलं आणि 1888 च्या अखेरीस पहिली गाडी पलीकडे गेली.

नदीतल्या चार खांबांचे पाये हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. हडसनचा तळ इथे खोल आहे, आणि पाण्याखाली लगेच खडक लागत नाही. गाळ, चिकणमाती, वाळू असे थर उतरून घट्ट थरापर्यंत जायचं, तर भरतीच्या पातळीपासून सव्वाशे फुटांच्या आसपास खाली जावं लागत होतं. याआधी काही वर्षं ब्रुकलिन पुलासाठी दाबाखालच्या हवेच्या पेट्या वापरल्या गेल्या होत्या. त्या पेट्यांत काम करणारे मजूर वर आल्यावर लुळे पडत, काही दगावले, आणि मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः कायमचे अधू झाले. पकिप्सीची खोली तर त्याहूनही जास्त. हवेचा दाब इथे उपयोगाचा नव्हता.

म्हणून वेगळी तोड काढली गेली. जाड लाकडी वाशांचे, सुमारे शंभर फूट लांब आणि साठ फूट रुंद असे अवाढव्य सांगाडे काठावर बांधायचे, तरंगत जागेवर न्यायचे आणि बुडवायचे. सांगाड्याच्या पोटात उभे कप्पे. काही कप्प्यांत खडी भरून वजन वाढवायचं, उरलेले वर-खाली उघडे ठेवायचे. उघड्या कप्प्यांतून यंत्राचा जबडा खाली सोडून तळाचा चिखल उपसायचा, की धारदार कडेचा सांगाडा स्वतःच्या भाराने खाली सरकणार. वरून लाकूड चढवत जायचं, खालून माती काढत जायची. ठरलेली खोली गाठली, की त्याच कप्प्यांतून पाण्याखाली काँक्रीट उतरवायचं. माती उपसायला माणसांना तळाशी उतरावं लागलं नाही.

भारतातल्या रेल्वे अभियंत्यांना ही रीत परकी वाटू नये. आपल्या गाळाच्या नद्यांवरचे रेल्वे पूल विटांच्या विहिरी उतरवून उभे राहिले, तेही आतून माती उपसत आणि वरून बांधकाम चढवत. साहित्य निराळं, अक्कल एकच. पकिप्सीचं काम करणाऱ्या युनियन ब्रिज कंपनीने हाच अनुभव ऑस्ट्रेलियात हॉक्सबरी नदीवर नेला आणि तिथे याहूनही खोल पाये घातले.

पायांवर दगडी बांधकाम, त्यावर पोलादी मनोरे, आणि मनोऱ्यांवर गाळे. नदीवरच्या पाच गाळ्यांपैकी दोन प्रत्येकी 525 फुटांचे. ते नदीत उभारलेल्या लाकडी परांच्यांच्या आधाराने जोडले. उरलेल्या तीन गाळ्यांत मात्र नदी मोकळी ठेवायची होती, कारण जहाजांची ये-जा थांबवून चालणार नव्हतं. तिथे कॅन्टिलिव्हर पद्धत वापरली. दोन्ही बाजूंच्या खांबांवरून पोलादी बाहू एकमेकांच्या दिशेने तुकड्या-तुकड्याने पुढे सरकवत आणले आणि मधल्या रिकाम्या जागेत शेवटचा भाग बसवला. मागच्या गाळ्यांच्या वजनाने पुढचा बाहू तोललेला, खाली एकही टेकू नाही. नदीकाठच्या बागेतून हे गाळे ओळखता येतात. परांच्यांवर बांधलेले दोन सरळ पट्टीसारखे वाटतात, कॅन्टिलिव्हरचे खांबाजवळ जाड आणि मध्यावर निमुळते होत जातात. नजर एकदा बसली की नदीभर त्यांची आळीपाळी मोजता येते.

इंजिनं जड होत गेली तसा पूल सावरावा लागला. अभियंते राल्फ मोजेस्की यांच्या देखरेखीखाली 1907 च्या सुमारास दोन कडेच्या पोलादी कैच्यांच्या (त्रिकोणी चौकटींच्या) मधोमध तिसरी कैची आणि नवे खांब घातले गेले. पुढे 1918 मध्ये पुलावरचे दोन रुळमार्ग एकमेकांत गुंतवले, म्हणजे एका मार्गाचा रूळ दुसऱ्या मार्गाच्या रुळांमधून जाऊ लागला. एका वेळी एकच गाडी, आणि तिचा भार पुलाच्या मध्यावर. हेच मोजेस्की पुढे 1930 मध्ये खुल्या झालेल्या मिड-हडसन पुलाचेही अभियंता झाले. चालताना दक्षिणेला तो झुलता पूल सतत सोबत असतो. एक पूल त्यांनी वाचवला, दुसरा घडवला, आणि आज एकावर उभं राहून दुसरा बघता येतो.

1895 ते 1949 या काळात पकिप्सीला पुलाखालच्या पात्रात विद्यापीठांच्या होड्यांच्या राष्ट्रीय शर्यती भरत. पश्चिम काठाच्या रुळांवरून प्रेक्षकांनी भरलेली गाडी होड्यांच्या बरोबरीने धावे. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकणारी वॉशिंग्टन विद्यापीठाची होडी त्याआधी याच पुलाखालून जाणाऱ्या शर्यतीत पहिली आली होती.

8 मे 1974 रोजी पुलाच्या लाकडी स्लीपरांना आग लागली. नुकत्याच गेलेल्या गाडीची ठिणगी पडली असावी, असं मानलं जातं. मालक पेन सेंट्रल ही रेल्वे कंपनी तेव्हा दिवाळखोरीत होती आणि पुलावरची आग विझवायची नळयंत्रणा चालू नव्हती. पोलाद टिकलं, रुळांखालचं लाकूड जळालं. दुरुस्ती अशक्य नव्हती. करायची इच्छा कोणाला नव्हती. वाहतूक दुसरीकडून वळवून काम भागतंय, एवढं कारण पुरलं.

ते काम आजही तसंच ‘भागतंय’, आणि हे मला मनापासून खटकतं. नदीच्या पश्चिमेकडून पूर्वेला जाणारी मालगाडी आज ऑल्बनीच्या दक्षिणेला सेलकर्कपर्यंत वर जाते आणि तिथे नदी ओलांडते. पश्चिम काठाचा मालगाड्यांचा मार्ग बरोबर या पुलाखालून जातो. कठड्याशी थांबलं आणि वेळ जुळली, तर खालून डब्यांची लांबच लांब रांग उत्तरेकडे जाताना दिसते. ज्या वळशातून सुटका व्हावी म्हणून एवढे पाये घातले, तो वळसा परत आला आहे. न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडच्या रस्त्यांवर मालट्रकांची जी गर्दी आहे, तिच्यात या हरवलेल्या दुव्याचाही वाटा आहे. पायवाटेचा आनंद खरा आहे, त्याने हे नुकसान भरून निघत नाही.

आगीनंतर पूल कोणालाच नको होता. पाडणं महाग, सांभाळणंही महाग. 1984 मध्ये तो एका डॉलरला विकला गेला. पुढच्या मालकांच्या हाती कर थकले, जहाजांसाठी पुलावर लावायच्या दिव्यांवरूनही तंटे झाले. 1992 मध्ये गावातल्या काही लोकांनी पुलावरून पायवाट करायची म्हणून संस्था काढली. तेव्हा हे वेड ठरलं असणार. 1998 मध्ये पूल संस्थेच्या नावावर झाला. स्वयंसेवकांच्या हातांनी हे काम निभणार नाही हे उमगल्यावर संस्थेने अभियंत्यांकडून पोलादाची कसून तपासणी करून घेतली, डायसन फाउंडेशनसारखे दाते आणि राज्य सरकार यांना जोडून घेतलं. मोजेस्कींनी अवजड इंजिनांसाठी वाढवलेली ताकद इथे कामी आली. मालगाडीच्या मानाने माणसांच्या गर्दीचा भार तो काय! जुन्या पोलादावर काँक्रीटच्या तयार फरशा बसवल्या, कठडे उभे केले, आणि हेन्री हडसनच्या 1609 च्या नदीप्रवासाला चारशे वर्षं झाली त्या वर्षी वाट खुली झाली. खर्च 3 कोटी 88 लाख डॉलर.

मधोमध वारा सोसाट्याचा असतो, उन्हाळ्यातही टोपी हातात धरावी लागते. सावली नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवावं. समुद्राची भरती या नदीत पार उत्तरेच्या ट्रॉय शहरापर्यंत चढते, म्हणून खालचं पाणी कधी दक्षिणेकडे जाताना दिसतं, कधी उलटं उत्तरेकडे. हेच पाणी शुद्ध करून पकिप्सीकर पितात. आयबीएममुळे या भागात भारतीय कुटुंबं पुष्कळ आली आहेत. सुट्टीच्या दिवशी मुलांकडे आलेले आई-वडील पुलावर दिसतात. पायात बूट, अंगावर साडी आणि वर स्वेटर, चाल संथ. मराठी कानावर पडलं की आपणही थबकतो. चार-चार वर्षांची नातवंडं पुढे पळत असतात, आणि कठडा उंच असल्यामुळे मागून कोणी हाका मारत नाही.

न्यूयॉर्क शहरातून येणाऱ्यांनी तिथल्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून हडसन लाइनची गाडी पकडावी. शेवटचं स्थानक पकिप्सी, प्रवास दोन तासांच्या आसपास. स्थानकापासून थोडं चाललं की नदीकाठी 2014 मध्ये बांधलेली काचेची लिफ्ट आहे. ती एकवीस मजल्यांइतकी वर नेऊन थेट पुलावर सोडते. थंडीच्या दिवसांत मात्र ती बंद असते, तेव्हा आधी चौकशी करून निघावं. हातात सायकल असेल तर पूल हा फक्त एक टप्पा ठरतो. पश्चिमेला हडसन व्हॅली रेल ट्रेल, पूर्वेला होपवेल जंक्शनपर्यंत डचेस रेल ट्रेल, तिथून पुढे ब्रूस्टरपर्यंत 23 मैलांचा मेब्रुक ट्रेलवे. या शेवटच्या पट्ट्यात सायकलच्या वाटेला लागून, या पुलाकडे येणारे तेव्हाचे रूळ अजून जागेवर आहेत.