एमजीबीच्या वॉटर पंपाची कैफियत

जुन्या मोटारींचा शौक बाळगणाऱ्या मंडळींच्या व्यवहारात ‘मूळ’ या विशेषणाला जितके वजन आहे तितके क्वचितच दुसऱ्या शब्दाला असेल. परंतु या शब्दाची खरी कसोटी रंगात, चामड्याच्या आसनांत किंवा तारांच्या चाकांत लागत नसून, बॉनेट उघडल्यावर पंख्याच्या आड अर्धवट दडलेल्या, तेला-धुळीने काळवंडलेल्या बिडाच्या एका लहानशा ओतकामात लागते, असे माझे मत झाले आहे. हे ओतकाम म्हणजे वॉटर पंप. आणि येथे ज्याची कैफियत मांडावयाची तो पंप एमजीबी या ब्रिटिश मोटारीचा आहे.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली. सिड एनेव्हर हे तिचे प्रमुख शिल्पकार. आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखाना १९८० साली बंद होईपर्यंत या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या निर्माण झाल्या. गाडी देखणी, ठेंगणी, वाऱ्यावर स्वार होण्याची उमेद बाळगणारी. तिच्या पोटातले १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन मात्र शर्यतींच्या खानदानातले नव्हे, तर ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने संसारी गाड्यांसाठी वाढविलेल्या ‘बी-सीरीज’ घराण्यातले. याच घराण्यातले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये बसून कित्येक वर्षे मंत्र्यांना, मामलेदारांना आणि लग्नाच्या वऱ्हाडांना वाहत होते. तेव्हा ज्या मिस्त्रीने ॲम्बॅसडरचा पंप एकदा तरी खोलला असेल, त्याला या परदेशी पाहुणीच्या बॉनेटखाली ओळखीचा चेहरा दिसल्याखेरीज राहणार नाही.

पंपावाचून इंजिन थंड ठेवता येतच नाही असे नाही. ऑस्टिन सेव्हनसारख्या गाड्यांत तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये निवून जड होई आणि पुन्हा खाली उतरे. इंजिनांचा जोर वाढला तसा हा निसर्गाचा संथ कारभार अपुरा पडू लागला, आणि पाण्याला ढकलणारा कोणीतरी नेमणे भाग पडले. डेऱ्यातली रवी ताकाला कडेकडे फेकते, त्याच न्यायाने पंपातली पात्यांची चकती, म्हणजे इंपेलर, मध्यभागी आलेले पाणी परिघाकडे भिरकावते आणि इंजिनच्या पोटात लोटते. ही चकती शाफ्टच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकावरच्या हबला पुली आणि पंखा. आणि त्या पुलीवरून जाणारा पट्टा डायनॅमोही फिरवितो. एवढ्याशा शाफ्टवर कामाचा हा तिहेरी बोजा आहे.

त्यातही बिकट गोष्ट ही की शाफ्टचे एक टोक अखंड पाण्यात आणि मधले बेअरिंग ग्रीसमध्ये, आणि या दोघांची भेट कदापि होता कामा नये. या सरहद्दीवर पहारा करते ती स्प्रिंगने दाबून धरलेली कार्बनची एक कडी. तिच्या घासणाऱ्या पृष्ठाला पाण्याचाच सूक्ष्म पापुद्रा वंगण म्हणून पुरतो, म्हणूनच कोरडा फिरविलेला पंप सीलचा घात करून घेतो. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये, पंपाच्या खालच्या अंगास, एक बारीक छिद्र ठेवलेले असते. सील थकले की थेंब तेथून टपकतो. काही महाभाग हे छिद्रच लुकणाने बुजवून गळती थांबविल्याचे समाधान मानतात. मग बाहेर वाट न मिळालेले पाणी थेट बेअरिंगमध्ये शिरते. या घराण्याच्या आरंभीच्या पंपांना वंगण घालण्यासाठी एक बूच असे, आणि तेथे हात आखडता ठेवण्याची ताकीद होती, कारण अधिक झालेले वंगण बेअरिंग ओलांडून त्या कार्बनच्या कडीवरच पसरे. अतिदक्ष मालकांनी किती सीलांचा जीव घेतला असेल, कोण जाणे!

पंप सोडविण्यासाठी आधी पाणी काढून रेडिएटर उतरवावा लागतो. मग हब पुलरने ओढून काढावयाचा, पंपाच्या माथ्यावरील भोकातून बेअरिंगला जागेवर धरणारी तार उपसावयाची, आणि बेअरिंगसह शाफ्ट हलक्या ठोक्यांनी मागच्या अंगाने बाहेर काढावयाचा. सील आणि इंपेलर त्याच्यासोबतच येतात. इंपेलरची पाती गंजाने कुरतडलेली आढळली, तर निव्वळ नळाचे पाणी वर्षानुवर्षे भरले गेले असे खुशाल समजावे. बेअरिंग आपल्या घरातच फिरू लागले असेल, तर ते घर कातून त्यात बाही बसविण्यासाठी लेथवाल्या कुशल कारागिराचे पाय धरावे लागतात. हे साधल्यावर नवे बेअरिंग प्रेसवर दाबताना त्याच्यावरील भोक पंपाच्या वंगणाच्या भोकासमोरच आले पाहिजे. आणि हब चढविताना शाफ्टच्या मागच्या टोकाला आधार हवाच, नाही तर सारा दाब बेअरिंगच्या गोळ्यांवर पडून त्यांच्या वाटेवर खाचा उमटतात आणि नवा पंप पहिल्याच दिवसापासून कुरकुरू लागतो. शेवटी इंपेलर. त्याची पाती आणि पंपाचे अंग यांत ०.०२० ते ०.०३० इंच एवढीच फट ठेवावयाची. फट वाढली तर पाणी पुढे न जाता तेथेच घुटमळते. कमी पडली तर पाती बिडाला घासतात. फीलर गेजच्या पात्याला जाणवणारा तो किंचितसा अडसर हाताला पटेपर्यंत अनुभवी मिस्त्री इंपेलर पुन्हा पुन्हा हलवितो, आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलावयास जाऊ नये.

आता शाफ्ट नवा, बेअरिंग नवे, सील नवे, प्रसंगी इंपेलरही नवा. मग मूळ ते काय उरले, असा प्रश्न कोणी केला तर तो अगदीच गैरवाजवी नव्हे. तयार पंप टपालाने घरपोच मिळतो आणि तासाभरात बसतोही. तो वाईटच असतो असेही मी म्हणणार नाही. रोज कामावर गाडी नेणाऱ्याने तो खुशाल बसवावा. परंतु जुने ओतकाम ज्या इंजिनवर प्रथम चढले त्याच इंजिनवर पुन्हा चढते, आणि आत काय घातले, किती फट ठेवली, हे ज्याने ठेवली त्याला तोंडपाठ असते. मला ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ याहून निराळा लावता येत नाही.

नव्या पॅकिंगवर पंप बसला की पट्टा ताणावयाचा. लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता अर्धा इंच हलेल इतकाच, कारण अति ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. मग गंजरोधक कूलंट भरून इंजिन चालू करावयाचे आणि वरच्या होजवर हात ठेवून थांबावयाचे. बराच वेळ रबर गारच लागते. पाणी ८२ अंशांच्या आसपास पोचले की थर्मोस्टॅट उघडतो आणि होज एकाएकी तापतो. मिस्त्री हात काढून घेतो, खाली वाकतो आणि त्या बारीक छिद्राखाली बोट फिरवितो.