दोष वयाचा कीं सायकलीचा ?

“सायकल सोडली, आतां वय झालें,” असे उद्गार पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांच्या तोंडून वरचेवर ऐकूं येतात. मान अवघडते, मनगटें दुखतात, तळहातांस मुंग्या येतात, आणि या सर्वांचा दोष वयाच्या माथीं मारून सायकल जिन्याखालीं उभी केली जाते. आमच्या घरींही असेंच घडलें. पुतण्या नोकरीनिमित्त परगांवीं गेला, त्याची सायकल आमच्या वडील बंधूंकडे आली, आणि दोन महिन्यांतच त्यांनीं ती सोडली. दुखण्याचें मूळ बैठक व हँडल यांमधील अंतरांत आहे, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

जॉन केंप स्टार्ले यांनीं १८८५ सालीं ‘रोव्हर’ सायकल बनविली. आजच्या सायकलीचा सांगाडा मूलतः तोच आहे. आपल्याकडे पुष्कळ वर्षें चाललेल्या काळ्या, दणकट सायकलींत हँडलच्या मुठी स्वाराकडे वळलेल्या असत. त्यामुळें पाठ ताठ राही. हल्लींच्या कित्येक सायकलींत हँडल पुढें व खालीं असतें. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा, हा त्यांतील हेतु. शर्यतीच्या स्वारास तें योग्यच. पण मंडईतून भाजी आणणाऱ्यानें वाऱ्याशीं स्पर्धा कशासाठीं करावी?

हँडल ज्या आंखूड तुकड्यानें चिमट्याच्या नळीस जोडलेलें असतें, त्यास स्टेम म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. जुना प्रकार नळीच्या आंत उतरतो व तळाशीं पाचरीनें आवळला जातो. वरचा बोल्ट थोडा सैल करून त्यावर हलका ठोका दिला कीं पाचर सुटते व स्टेम वर ओढतां येतो. मात्र त्यावर कोरलेली मर्यादेची खूण नळीबाहेर कदापि दिसूं देऊं नये; नाहीं तर चालत्या सायकलीचें हँडल हातांत येण्याचा धोका असतो.

१९९० नंतर रूढ झालेला दुसरा प्रकार नळीस बाहेरून कवटाळतो. तो वर ओढतां येत नाहीं. पण त्याच्या वर कड्या असल्यास त्या खालीं घालाव्या, किंवा स्टेमच उलटा करून बसवावा. ९० मिलिमीटर लांबीचा व ६ अंश कलाचा स्टेम उलटा केल्यास हँडल सुमारें १८ मिलिमीटर उचललें जातें, आणि खर्च कांहींच येत नाहीं. तेवढ्यानें न भागल्यास अधिक आंखूड व वर कललेला स्टेम घ्यावा. खरेदीपूर्वीं मापें पाहावीं : नळीचा व्यास बहुधा २८.६, आणि हँडलचा मधला व्यास २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असतो.

बसवितांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. माथ्यावरील बोल्ट हँडल धरून ठेवण्यासाठीं नसून छर्‍यांतील खेळ काढण्यासाठीं असतो. तो आधीं बेताचा आवळावा, हँडल चाकाशीं सरळ करावें, आणि मगच बाजूचे बोल्ट आळीपाळीनें, स्टेमवर छापलेल्या मर्यादेपर्यंत आवळावे. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेंपुढें हलवावी. खटखट जाणवल्यास काम पुन्हां करावें. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहींत, हेंही पाहावें.

या उपायासही मर्यादा आहे. पाठ ताठ झाली कीं अंगाचा भार बैठकीवर येतो, आणि आंखूड स्टेमनें हँडल अधिक चपळ होतें. म्हणून पहिली फेरी शांत गल्लींत मारावी.

आमच्या बंधूंसाठीं ११० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० मिलिमीटरचा, वर कललेला बसविला. आज ते रोज सकाळीं स्वतः दूध आणतात. एकत्र कुटुंबांत एकाचा सदरा दुसऱ्यास देतांना आपण बाह्या मापून पाहतों. सायकल मात्र न मापतां देतों, आणि ती बसली नाहीं कीं घरांतील वडीलधाऱ्यांस म्हातारे ठरवितों. वयाचा निकाल देण्यापूर्वीं बोल्टाची चावी एकदां हातीं घेण्यास काय हरकत आहे ?