ताटातले मटण आणि माळावरचे काळवीट

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून निघून बार्शी रस्त्याला लागले, की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. तिथल्या माळढोक अभयारण्यात काळविटांचे कळप आजही दिसतात. त्याच माळरानाच्या आसपास धनगरांच्या मेंढ्या आणि काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या चरतात. असल्याच माळांवर वाढलेले बोकड बाजारात येतात आणि रविवारी पेठेतल्या कितीतरी घरांत शिजतात. एका घरात मांसाहार वर्ज्य आणि शेजारच्या घरात मटणाशिवाय रविवार सुना, हे अशा जुन्या पेठांना नवे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर दहांपैकी आठांहून अधिक पुरुषांनी आणि सुमारे सात स्त्रियांनी आपण मासे, कोंबडी किंवा मटण कधी ना कधी खातो असे सांगितले. तरीही हरणाची शिकार म्हटले की आपल्याला क्रौर्य आठवते आणि मटण म्हटले की फक्त रस्सा. मधला सगळा प्रवास नजरेआड असतो. माझे म्हणणे असे, की मांस खाणाऱ्याने हा प्रवास माहीत करून घेतलाच पाहिजे; आणि तो माहीत झाला तर काळविटाच्या माळासाठी बोलणाऱ्यांत तोही पुढे उभा राहील.

हरणामागे जाणे म्हणजे काय, हे फासेपारध्यांइतके आपल्याकडे कोणाला कळले नसेल. काळविटाची भिस्त नजरेवर. उघड्या माळावर माणूस दुरून दिसला, की कळप उधळतो आणि मग ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने पळणाऱ्या जनावराला गाठणे अशक्य. म्हणून पारधी शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने, त्या जनावराच्याच संथ चालीने कळपाजवळ सरकत. हरणांच्या ठरलेल्या वाटेवर खुंट्या ठोकून तातीच्या फाशांची ओळ मांडत आणि कळपाला हळूच त्या बाजूला वळवत. कधी पाळीव काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला रानात सोडत. आपल्या हद्दीत आलेल्या परक्या नराशी झुंजायला रानातला नर धावून येई आणि अडके. कोल्हापूर संस्थानात हेच काम चित्त्यांकडून करवून घेत. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीवर बसवून कळपाजवळ नेत, कारण रोज दिसणाऱ्या बैलगाडीला हरणे बिचकत नसत. या सगळ्यात बळापेक्षा माहिती मोठी होती: हरणे कुठे चरतात, कुठून पाण्याला जातात, नर कुठे ठाण मांडतो, पाडसे कधी होतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे, की फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. उद्याही याच माळावर पोट भरायचे आहे, हे ज्याला ठाऊक असते त्याला असा नियम सरकारी कागदावर वाचावा लागत नाही.

पुढे काय झाले ते आपल्या परिसराने पाहिले आहे. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारायची वाट उघडली. पारधीही त्यात भरडले गेले, आणि अशा जमातींना तारेच्या कुंपणात डांबणारी एक मोठी वसाहत, सेटलमेंट, सोलापुरातच होती. देशभरातून तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. दरम्यान बंदुका, जीपगाड्या आणि माळ मोडून झालेली शेती यांनी हरणांचे कळप संपवत आणले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले. आज काळवीट मारले तर तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. हा कायदा हवाच होता, आणि देशात पन्नास हजारांच्या आसपास काळविटे उरली ती बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. पण त्याच्या आडून आपण एक सोयीची समजूत करून घेतली: जीव घेणारा तो पारधी, आपण फक्त गिऱ्हाईक. खाटकाच्या बाबतीतही समाज हेच करतो. मांस हवे असते, ते कापणारा हात नजरेसमोर नको असतो.

त्या हातापर्यंत जनावर कसे येते आणि पुढे काय होते, ते एकदा नीट समजून घेऊ. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी देते आणि बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचे गवत यांवर जगते. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीन बाईला अडीअडचणीला विकता येईल असे दुसरे धन क्वचितच असते. बोकड आठवडी बाजारातून शहरात येतो. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे पशुवैद्यकाने कापण्याआधी प्रत्येक जनावर तपासायचे असते, आणि घाई होऊ नये म्हणून एका डॉक्टरने तासाला बाराहून आणि दिवसाला शहाण्णवहून अधिक जनावरे तपासायची नाहीत असे बंधन आहे. गाभण मादी कापायची नाही, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली कापायची नाही, एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही. फासेपारध्यांची रीत आणि हा नियम किती जवळचे आहेत पाहा. पंचवीस किलोच्या बोकडातून साधारण बारा किलो मटण निघते. मुंडी, पाय, वजडी, काळीज वेगळे विकले जाते, कातडे चामड्याच्या धंद्याला जाते. नियम चांगले आहेत, पण ते पाळले गेले का हे विचारणारे गिऱ्हाईक नसेल तर ते कागदावरच राहतात. तपासणीचा शिक्का कुठे आहे, एवढा एक प्रश्न दुकानात दर रविवारी विचारला गेला तर तपासणीही होईल आणि नियमाने धंदा करणाऱ्या खाटकाचा मानही वाढेल.

काळविटाला संरक्षण देण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो शेतकऱ्यांकडून येतो म्हणून गंभीरपणे घ्यायला हवा. काळविटे कोवळी ज्वारी आणि हरभरा खातात. मग स्कॉटलंडसारखे परवाने देऊन शिकार का करू देऊ नये? तिथे हरणाचा माग काढून रायफलने टिपणे हा रीतसर व्यवसाय आहे, आणि ते मांस दुकानात मिळते. पण तिथली परिस्थिती समजून घ्या. स्कॉटलंडने आपले लांडगे काही शतकांपूर्वी संपवले. हरणांना खाणारे कोणी उरले नाही, त्यांची संख्या दहा लाखांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे, आणि ती रोपे खाऊन टाकत असल्याने जंगल पुन्हा उभे राहत नाही. म्हणून तिथे माणसाला लांडग्याचे काम करावे लागते. सोलापूरच्या माळावर लांडगा अजून आहे. काळविटे तुकड्यातुकड्यांत अडकली आहेत, आणि परवान्याच्या आडून चोरटी शिकार सुरू झाली तर ती ओळखायची यंत्रणा आपल्याकडे नाही. शेतकऱ्याचा तोटा खरा आहे. त्याला उत्तर वेळेवर आणि पुरेशी भरपाई हे आहे. हरणांचे मांस बाजारात आणल्याने ज्वारी वाचणार नाही, हरणे मात्र नक्की संपतील.

दुसरा आक्षेप शाकाहारी मित्रांचा: एवढे सगळे कळल्यावर मांस सोडूनच का देऊ नये? ज्याला सोडावेसे वाटेल त्याने जरूर सोडावे. समजून-उमजून घेतलेला तो निर्णय आदराचाच आहे. पण माहिती दडवून कोणाला मांस खायला लावणे जसे अयोग्य, तसे खाणाऱ्याला अपराधी ठरवणेही अयोग्य. मुलांना हे सांगू नये असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की खेड्यातली मुले शेळीचे करडू अंगाखांद्यावर खेळवतात आणि त्याचा शेवट काय होतो हेही जाणतात. त्याने ती निर्दय होत नाहीत. तिसरा आक्षेप शेळ्या-मेंढ्यांच्या चराईचा. बेसुमार चराईने गवत संपते हे खरेच आहे. पण ऊस, भूखंड आणि खाणी यांखाली गेलेला माळ कायमचा जातो. आळीपाळीने चारलेला माळ पावसाळ्यात पुन्हा उगवतो.

गोष्ट इथे येऊन ठेपते. सरकारी नोंदींत आपले माळ पुष्कळदा पडीक म्हणून लिहिले जातात. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. वस्त्या आणि शेतेही त्यात आल्याने ते अव्यवहार्य ठरले आणि पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. ज्या माळढोकासाठी ते केले तो इथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच गवतावर काळवीट जगते, शेळी जगते, आणि शेळीवर गरिबाचे घर चालते. माळ गेला तर काळविटाबरोबर ताटातले मटणही जाईल. त्याची जागा बंद शेडमधले, विकतच्या खाद्यावर पोसलेले जनावर घेईल आणि तो प्रवास तर आपल्याला मुळीच दिसणार नाही. म्हणून मांस खाणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टींची विनंती आहे. हरणाचे मांस कोणी कितीही खात्रीने देऊ केले तरी घेऊ नका आणि वनविभागाला कळवा. मटण तपासलेले, शिक्का असलेलेच मागा. आणि आपल्या गावाचे गायरान, आपल्या तालुक्याचा माळ कोणी पडीक म्हणून वाटू लागला, तर ग्रामसभेत उठून त्याला हरकत घ्या.